तुकड्यातुकड्यांचं लंडन

कपाटावर, माळ्यावर नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत, कुठं ना कुठं तो खोका असतोच. कोपरे फाटलेले, दोरीनं बांधलेला, वर एखाद्या किल्ल्याचं नाहीतर टोपलीतल्या मांजराच्या पिल्लांचं चित्र. मे महिन्याच्या सुट्टीत तो खाली येतो, दोन दिवस बैठकीची खोली अडवून बसतो आणि "आई, एक तुकडा सापडतच नाही गं!" या आरोळीबरोबर पुन्हा वर जातो. जिगसॉ पझल म्हणतात ते हेच. चांगलं अखंड चित्र घ्यायचं, त्याचे शंभर तुकडे करायचे आणि मग तेच जोडत बसायचं. हा उद्योग प्रथम कुणाला सुचला असेल, आणि कशासाठी?

मुलीकडे लंडनला महिनाभर राहण्याचा योग आला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला त्या शहरात ठिकठिकाणी विखुरलेलं सापडलं. लंडनला गेलेली माणसं बिग बेन पाहतात, राजवाडा पाहतात, मेणाचे पुतळे पाहतात. ते सगळं बघावंच. पण एक-दोन दिवस हाताशी असतील, तर या खेळाच्या मागावर हिंडून पाहा. फार पायपीट नाही, खर्चही बेताचा. आणि शेवटी लक्षात येतं, की पुस्तकात या खेळाच्या जनकाचं म्हणून एका पुरुषाचं नाव छापलेलं असलं, तरी त्याच्या गोष्टीत जागोजागी बायकांचे हात आहेत.

ड्रुरी लेनचा नकाशेवाला

सुरुवात करायची ती कॉव्हेंट गार्डनपासून. इथं पूर्वी लंडनची मोठी भाजी-फुलांची मंडई होती. १९७४ मध्ये ती नदीपलीकडे हलवली आणि आता जुन्या मंडईच्या इमारतीत दुकानं नि उपाहारगृहं आहेत. तिथून पाच मिनिटं चाललं की ड्रुरी लेन हा रस्ता लागतो. नाटकवेड्यांना हे नाव ठाऊक असेल. इथल्या रॉयल थिएटरच्या जागेवर १६६३ पासून नाटकं होत आली आहेत. आजची इमारत १८१२ ची.

या ड्रुरी लेनला लागून रसेल कोर्ट नावाची एक गल्ली होती. तिथं १७६० च्या सुमारास जॉन स्पिल्सबरी नावाच्या तरुणानं दुकान थाटलं. हा नकाशे कोरणारा कारागीर. राजाचे नकाशे करणाऱ्या थॉमस जेफ्रीजच्या हाताखाली तो उमेदवारी करून तयार झाला होता. नकाशे छापणारे लंडनमध्ये पुष्कळ होते. स्पिल्सबरीनं काय केलं, तर छापलेला नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक पात्याच्या करवतीनं देशांच्या सीमांवरून बरोब्बर कापला. फ्रान्सचा एक तुकडा, स्पेनचा एक, स्वीडनचा एक. तुकडे लाकडी पेटीत घातले आणि पेटी विकायला ठेवली. मुलांना भूगोल शिकवायला सोपं जावं, हा हेतू. १७६३ मध्ये लंडनच्या व्यावसायिकांची एक सूची छापली गेली. तीत त्याचा धंदाच "लाकडावरचे नकाशे कापणारा" अशा अर्थाचा लिहिलेला आहे.

आता दुकान नाही, त्याची खूणही नाही. पण त्या भागातल्या अरुंद गल्ल्यांतून फिरताना अंदाज येतो. समोर नाटकाला जाणाऱ्यांच्या घोडागाड्या, मागं मंडईचा गलबला, आणि मध्ये एका खोलीत हा तरुण इटलीचा बूट मोडू न देता करवत फिरवतो आहे!

महोगनी तेव्हा जहाजांतून दूरदेशाहून येई. कापायला वेळ लागे. त्यामुळे माल महाग, श्रीमंतांच्या मुलांनाच परवडणारा. तरी स्पिल्सबरी धंद्याला पक्का होता. पेटी स्वस्त पडावी म्हणून समुद्र वगळून नुसत्या जमिनीचे तुकडे असलेली आवृत्तीही तो विकत असे. निळ्या पाण्याच्या रिकाम्या लाकडाचे पैसे कशाला द्यायचे, हा विचार आपल्यालाही पटण्यासारखाच. आणि ज्यांनी कधी हजार तुकड्यांच्या चित्रात निळं आकाश जोडलं आहे, त्या तर म्हणतील, फार शहाणा माणूस!

१७६९ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतबाहेर, स्पिल्सबरी वारला. मागं राहिली त्याची बायको सारा. दुकान बंद करून ती माहेरी गेली नाही. काही काळ तिनंच धंदा चालवला, पुढं त्याच दुकानात काम शिकलेल्या हॅरी ॲशबीशी लग्न केलं आणि नकाशांची विक्री चालू राहिली. इतिहासात साराला एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही. पण तेव्हा तिनं दाराला कुलूप लावलं असतं, तर ही नवी कल्पना त्या गल्लीतच विरूनही गेली असती.

पुसून गेलेले देश

स्पिल्सबरीनं १७६६ मध्ये काढलेला, राज्याराज्यांत विभागलेला युरोपचा नकाशा ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात जपलेला आहे. ही लायब्ररी सेंट पँक्रस स्टेशनाच्या शेजारी. हा नकाशा नेहमी मांडून ठेवलेला असेलच असं नाही, पण त्याची छायाचित्रं पुस्तकांतून पाहायला मिळतात आणि ती पाहताना गंमत वाटते. त्या काळी आजच्यासारखा एकसंध इटली देश नव्हता, एकसंध जर्मनीही नव्हता. उलट पोलंड हे केवढं तरी मोठं राज्य होतं. पुढं १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडले आणि पोलंड नकाशावरून नाहीसाच झाला. तो परत आला थेट १९१८ मध्ये. म्हणजे पणजीनं लहानपणी जोडलेला पोलंडचा तुकडा नातीच्या पेटीत नव्हता!

आपल्याकडेही तेच नाही का? माळ्यावर भारताचा जुना लाकडी नकाशा असेल तर काढून बघा. १ मे १९६० च्या आधीचा असेल तर त्यात महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे नसतील. २००० च्या आधीचा असेल तर झारखंड, छत्तीसगड, उत्तराखंड नाहीत. २०१४ च्या आधीचा असेल तर तेलंगण नाही. मुलांना शिकवायला तो चुकीचा झाला म्हणून फेकून देऊ नका. उलट तोच पुढ्यात घेऊन बसा. सीमा माणसं आखतात आणि माणसंच बदलतात, हे नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. दोन तुकड्यांच्या जागी तीन कसे आले, हे हातानं करून पाहिलं की शिरतं.

क्यूचा लाल राजवाडा

पण थांबा. स्पिल्सबरीलाच ही कल्पना पहिल्यांदा सुचली असं आता अभ्यासक म्हणत नाहीत. त्याच्याही थोडं आधी, १७५० च्या दशकात, लंडनमध्ये एक फ्रेंच शिक्षिका होती. मादाम ल प्रँस द बोमाँ तिचं नाव. राक्षसाच्या वाड्यात जाऊन राहणाऱ्या सुंदर मुलीची गोष्ट, 'ब्यूटी अँड द बीस्ट', आज ज्या आटोपशीर रूपात जगभर सांगितली जाते, ते रूप हिनंच १७५६ मध्ये छापलं. आपल्या शिष्यांना भूगोल शिकवताना ती लाकडी नकाशे वापरत असे, असं अलीकडच्या संशोधनातून पुढं आलं आहे. म्हणजे दुकानदाराच्या आधी ही युक्ती शिकवणाऱ्या बाईच्या हातात होती.

दुसरी बाई भेटते ती क्यूला. लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्सच्या काठी क्यूचं प्रचंड वनस्पतिउद्यान आहे. डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीनं क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरायचं आणि दोन्ही बाजूंची टुमदार घरं बघत चालत जायचं. काचेच्या घरातली ताडामाडाची झाडं पाहायला सगळे तिकडे वळतात. आपण मात्र नदीच्या बाजूला असलेल्या लाल विटांच्या घराकडे जायचं. हा क्यूचा राजवाडा. राजवाडा म्हणून मोठ्या अपेक्षेनं गेलात तर फसाल. आपल्याकडच्या एखाद्या इनामदाराचा वाडा याहून मोठा निघेल. १६३१ मध्ये एका व्यापाऱ्यानं बांधलेलं हे तीन मजली घर पुढं राजघराण्याकडे आलं.

तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांना पंधरा मुलं. होय, पंधरा! राजघराण्यात दाया-नोकर कितीही असले तरी एवढ्या मुलांना वळण लावायचं, लिहाय-वाचायला शिकवायचं म्हणजे एक शाळाच. त्या शाळेची मुख्य लेडी शार्लट फिंच. १७६२ मध्ये पहिला राजपुत्र जन्मला तेव्हा तिची नेमणूक झाली आणि जवळजवळ तीस वर्षं तिनं हे काम केलं. तिनं मुलांसाठी महोगनीचं एक कपाट करून घेतलं होतं. उथळ खण असलेलं, आणि प्रत्येक खणात एकेका नकाशाचे तुकडे. आपण मसाल्याच्या डब्यात जिरं-मोहरी वेगळी ठेवतो ना, तसे देश वेगवेगळे. हे कपाट टिकून राहिलं आणि आता संग्रहालयाच्या ताब्यात आहे. पुढं इंग्लंडचा राजा झालेल्या मुलानंही याच तुकड्यांवरून देशांची नावं पाठ केली.

या घरातल्या लहान लहान खोल्यांतून हिंडताना मनाला चटका लावते ती निराळीच गोष्ट. लेडी शार्लटच्या स्वतःच्या संसाराची घडी विस्कटलेली होती. नवऱ्याचं मन आजारी झालं, तिला त्याच्यापासून वेगळं व्हावं लागलं आणि १७६६ मध्ये तो वारला. त्याच वर्षांत ती दुसरीच्या मुलांना तुकड्याला तुकडा जोडायला शिकवत होती. आणि पुढं राणीवरही तीच वेळ आली. १७८८ मध्ये राजाचं डोकं फिरलं, त्याला उपचारांसाठी क्यूलाच आणून ठेवलं. तो बरा झाला, पुन्हा आजारी पडला, पुन्हा बरा झाला, आणि शेवटी कायमचा हरवला. राणी शार्लट नोव्हेंबर १८१८ मध्ये याच लाल घरात वारली. राणी असो की राणीच्या मुलांची बाई, घर सावरून धरायचं काम कुणाला चुकलं नाही.

शहाण्या मुलीचं लक्षण

पुढच्या पन्नास वर्षांत कापलेले नकाशे सुखवस्तू इंग्रज घरांत रुळले. इतके, की ते येणं न येणं हे हुशारीचं माप झालं. जेन ऑस्टिनची 'मॅन्सफिल्ड पार्क' ही कादंबरी १८१४ ची. तीत गरीब नातेवाइकांकडून आणलेली छोटी फॅनी श्रीमंत मावशीच्या घरी राहायला येते. तिच्या मावसबहिणी मोठ्या नवलानं आईला सांगतात, की हिला युरोपचा नकाशासुद्धा जोडता येत नाही! बिचारी फॅनी. तिच्या घरी असली महागडी पेटी कुणी आणायची? खेळणं नसलेल्या मुलाला अडाणी ठरवण्याची खोड तेव्हापासूनची आहे, आणि आपल्या कॉलन्यांतूनही ती अगदीच गेलेली नाही.

हा भेद मोडायचा तर खेळणं सगळ्यांच्या हाती यायला हवं. शाळेतून ते काम मादाम माँटेसोरी यांनी केलं. त्यांच्या पद्धतीत लाकडी नकाशाच्या प्रत्येक देशाला धरायला बारीक मूठ असते, म्हणजे तीन-चार वर्षांच्या बोटांनाही तो उचलता येतो. माँटेसोरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे इथंच अडकून पडल्या. पण त्याआधीच, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. ताराबाईंनी पुढं १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि महागड्या साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरून शिकवता येतं हे दाखवलं. आज गावोगावच्या बालवाड्यांत आंबा, पोपट, मोटार असे मूठ लावलेले लाकडी तुकडे दिसतात. त्यांचं मूळ शोधत गेलं तर वाट क्यूच्या कपाटापर्यंत जाते.

बायकांनी कापले, बायकांनी जोडले

तिसरं ठिकाण पूर्व लंडनमध्ये, बेथनल ग्रीनला. सेंट्रल लाइनवर याच नावाचं स्टेशन आहे. बाहेर आलं की समोरच लहान मुलांचं संग्रहालय. पूर्वी त्याला 'म्युझियम ऑफ चाइल्डहुड' म्हणत. २०२३ मध्ये नूतनीकरण होऊन ते 'यंग व्ही अँड ए' या नावानं पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट. इथं जुन्या बाहुल्या, बाहुल्यांची घरं, आगगाड्या, कोडी असा खजिना आहे. पण आत गेल्या गेल्या आधी खाली पाहा. संगमरवराचे लहान लहान तुकडे माशाच्या खवल्यांसारखे बसवलेली फरशी आहे. हे संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. त्या फरशीचं काम वोकिंगच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांनी केलेलं. मुलं वर खेळत असतात आणि त्यांच्या पायाखाली हा एवढा मोठा जोडकामाचा नमुना. त्या बायकांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. त्यांतल्या कितीजणींना स्वतःची मुलं होती, कोण जाणे.

हे पाहिलं की या खेळाच्या पुढच्या इतिहासाकडे लक्ष जातं. त्यासाठी घटकाभर अमेरिकेत जायला हवं. 'जिगसॉ' हे त्या करवतीचं नाव, आणि ते या खेळाला चिकटलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्पिल्सबरीनं तर ही करवत पाहिलीही नव्हती. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या माणसांना या कोड्यांचं वेड लागलं. पार्कर ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीनं १९०९ मध्ये बाकीचे खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना याच कामाला जुंपला. तुकडे कापायला होत्या मुख्यतः तरुण मुली. पायानं चालवायची ही करवत म्हणजे आपल्या शिवणयंत्राची सख्खी बहीणच. पाय खाली हलतोय, दोन्ही हातांनी फळी फिरवायची, नजर पात्यावर. त्या मुली हंस, चंद्र, किल्ली अशा ओळखीच्या आकारांचे तुकडेही मध्येच कापून ठेवत. जोडणारीला तेवढीच गंमत.

मग आली मंदी. १९३२-३३ मध्ये अमेरिकेत चौघांतला एक जण बेकार होता. नेमकं तेव्हाच पुठ्ठ्याचं कोडं स्वस्त झालं. करवणाऱ्या बिस्किटांना साचा असतो ना, तसा पोलादी पात्यांचा साचा चित्रावर दाबला की एका दणक्यात सगळे तुकडे पडतात. पंचवीस सेंटला दर आठवड्याला नवं चित्र वर्तमानपत्राच्या टपरीवर मिळू लागलं. दातांच्या ब्रशावर कोडं फुकट, अशी जाहिरात निघाली. वाचनालयं आणि औषधांची दुकानं कोडी भाड्यानं देत. १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याला एक कोटी कोडी खपत होती!

हातात काम नाही, पुढं काय होणार कळत नाही, अशा वेळी माणसं तुकडे जोडत बसली. २०२० मध्ये करोनानं जगाला घरात कोंडलं तेव्हाही हेच झालं. परदेशांत दुकानांतली कोडी संपली, कारखान्यांना माल पुरवता येईना.

शेवट असलेलं काम

का बरं असं व्हावं? मला वाटतं, याचं उत्तर आपल्याइतकं दुसरं कुणी देऊ शकणार नाही. घरकामाचा स्वभाव कसा आहे बघा. भांडी घासली की पुन्हा खरकटी. कपडे वाळत घातले तोवर बादलीत नवे. पोळ्या किती लाटल्या याची नोंद कुणी ठेवत नाही. दिवसभर केलेलं संध्याकाळपर्यंत पुसून जातं. "दिवसभर करतेस काय?" असं कुणी विचारलं तर दाखवायला हातात काही नसतं. कोड्याचं तसं नाही. त्याला सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवट आहे. प्रत्येक तुकड्याला एकच जागा आहे आणि ती त्याला मिळतेच. बसला तुकडा, की तो बसला. कुणी येऊन "असं नाही, तसं लाव" म्हणू शकत नाही. संसारात इतका स्वच्छ निकाल आपल्याला कुठं मिळतो?

मार्गारेट ड्रॅबल या नावाजलेल्या इंग्रज कादंबरीकार. लहानपणी त्यांना आत्या-मावशीच्या नात्यातल्या एका प्रेमळ, अविवाहित बाईनं कोडी जोडायला लावलं. उतारवयात नवऱ्याला कर्करोग झाला, उपचार चालू झाले. तेव्हा या बाई पुन्हा कोड्यांकडे वळल्या आणि त्यातूनच २००९ मध्ये या खेळावर त्यांचं एक पुस्तक निघालं. इस्पितळाच्या वाऱ्या करून आलेल्या बाईला कादंबरी वाचवत नाही, कुणाशी बोलवत नाही. पण आकाशाचा एक तुकडा हातात घेऊन त्याची जागा शोधता येते. ज्यांनी रात्रीची जागरणं काढली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

राणी दुसरी एलिझाबेथ यांनाही कोड्यांचा नाद होता. इंग्लंडमध्ये १९३३ पासून कोड्यांचं एक वाचनालय आहे. पुस्तकांसारखी लाकडी कोडी घरी न्यायची, जोडायची, परत करायची. त्यांच्या खोक्यावर चित्र नसतं! काय होणार हे जोडल्याखेरीज कळत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा दुष्टपणा वाटला. पण मग वाटलं, मुलं वाढवताना तरी आपल्याला खोक्यावरचं चित्र कुठं मिळतं?

घरी बसताना

लंडन राहू द्या, घरातलंच कोडं काढायचं असेल तर चार गोष्टी सांगते.

जेवणाच्या टेबलावर नको. संध्याकाळी ताटं मांडायची वेळ आली की सगळं उचलावं लागतं. दोन फूट बाय तीन फूट प्लायवूड घ्या, त्यावर जुनी चादर ताणून लावा. रात्री फळी उचलून पलंगाखाली सरकवली की झालं. फरशीवर बसून करत असाल तर फळीखाली पाट घ्या, मान दुखणार नाही.

तांदूळ निवडायची आपली नजर इथं कामी येते. आधी सगळे तुकडे उलथून सरळ करा. एका ताटात कडेचे, दुसऱ्यात निळे, तिसऱ्यात हिरवे. चार कोपरे, मग चौकट, मग माणसं-घरं, आणि आकाश सगळ्यांत शेवटी. जोर लावून तुकडा बसवू नका. दाबावा लागतो तो त्या जागेचा नव्हेच.

तुकडा हरवला तर चिडू नका. केरात, सोफ्याच्या खाचेत, धाकट्याच्या खिशात पाहा. नाहीच सापडला तर रिकाम्या जागेखाली कागद सरकवून पेन्सिलीनं आकार उतरून घ्या, तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा कापा आणि मुलांना रंगवायला द्या. तो तुकडा पुढं सगळ्यांत लाडका होतो.

पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, तुकडे फुगतात. खोका माळ्यावर न ठेवता तुकडे कापडी पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पिशवीवर तुकड्यांची संख्या लिहा. कुणाला दिलंत तर परत आल्यावर मोजायला सोपं.

आणि मुलांबरोबर बसलात तर शेवटचा तुकडा त्यांना लावू द्या. पण एखादं कोडं असं असू द्या, जे फक्त तुमचं. दुपारी सगळं आवरल्यावर अर्धा तास, दार लोटून. शेवटचा तुकडा तुम्हीच लावायचा. चित्र पुरं झाल्यावर ते लगेच मोडू नका. संध्याकाळी घरातली मंडळी येतील, बघतील, "अरे वा" म्हणतील किंवा नाही म्हणणार. रात्रभर ते तसंच राहू द्या. सकाळी केर काढायच्या आधी मोडलंत तरी चालेल.

लंडनला निघालेल्या मैत्रिणींसाठी एवढंच: क्यूचा राजवाडा साधारण उन्हाळ्यातच उघडा असतो आणि बागेच्या तिकिटातच तो पाहता येतो, म्हणून आधी चौकशी करून जा. बेथनल ग्रीनला गेलात तर बूट वाजवत घाईनं आत शिरू नका. त्या फरशीवर जरा सावकाश चाला.